बारा काडतुसांची मॅगझिन नळी घ्यावी का?

वाचकाचं पत्र

नमस्कार. मी मूळचा सातारचा. अकरा वर्षं ह्यूस्टनमध्ये राहतो, ग्रीन कार्ड आहे. गेल्या हिवाळ्यापासून थ्री-गन सामन्यांत (पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशा तिन्ही बंदुकांच्या नेमबाजीत) भाग घेतोय. पिस्तूल आणि रायफल ठीक चाललंय, शॉटगनमध्ये मात्र मागे पडतो. माझ्याकडे बेनेली एम२ आहे, १२ बोअर, २४ इंची बॅरल, वर जाळीदार रिब (नेम धरायची पट्टी). मूळ मॅगझिनमध्ये, म्हणजे बॅरलखालच्या नळीत, फक्त ३ काडतुसं बसतात. ही नळी लांबवणारं मॅगझिन एक्स्टेन्शन घ्यायचंच आहे. रेंजवरचे जुने लोक म्हणतात, "सरळ बाराची नळी घे, नंतर पस्तावशील." दुकानात अ‍ॅल्युमिनियम, पोलाद, कार्बन फायबर असे प्रकार आहेत. कुठलं घेऊ? घरी बसवता येईल का? शिवाय एका मित्राच्या लांब नळीतून शेवटची दोन काडतुसं बाहेरच येत नाहीत. तसं माझं होऊ नये म्हणून काय पाहू? न्यू जर्सीत एडिसनला राहणाऱ्या चुलतभावालाही अगदी हीच जोडणी करायची आहे. त्याला काय सांगू?

— एक वाचक, ह्यूस्टन

उत्तर

आधी थेट सांगतो. तुमच्या २४ इंची बॅरलवर पहिल्या वर्षासाठी एकूण ९ किंवा १० काडतुसांची नळी घ्या, अ‍ॅल्युमिनियमची, वेगळ्या नटची (नट म्हणजे नवी नळी मूळ नळीला जोडणारा आटेदार तुकडा), सोबत क्लॅम्प (नळी आणि बॅरल सोबत धरणारी पकड). बाराची आता नको. मित्राचा त्रास बहुधा नळीचा नसून स्प्रिंगचा किंवा सांध्याचा आहे, आणि तो तासाभरात शोधता येतो. चुलतभावाने मात्र काहीही विकत घेऊ नये. त्याचं कारण शेवटी लिहिलं आहे, ते त्याला जसंच्या तसं वाचून दाखवा.

बारा का नको हे समजायला आधी काडतूस मोजावं लागतं. डब्यावर २¾ इंच म्हणजे ७० मिलिमीटर छापलेलं असतं. ती उडून गेलेल्या, तोंड उघडलेल्या टरफलाची लांबी असते. न उडवलेल्या काडतुसाचं तोंड आत दुमडलेलं असतं, त्यामुळे ते साधारण ५८ ते ६० मिलिमीटर भरतं. कंपनीगणिक यात मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा फरक पडतो. तोंड गोल वळवलेल्या स्लगची (एकच मोठी गोळी असलेल्या काडतुसाची) लांबी आणखी वेगळी असते. एका काडतुसात दोन मिलिमीटर म्हणजे दहा काडतुसांत दोन सेंटिमीटर. म्हणूनच एकाच नळीत एका कंपनीची दहा बसतात आणि दुसरीची नऊच. तुम्ही सामन्यात जी वापरता ती छर्ऱ्यांची, बकशॉटची (मोठ्या छर्ऱ्यांची) आणि स्लगची, तिन्ही काडतुसं व्हर्नियरने मोजा आणि सर्वांत लांब आकडा हिशेबाला धरा.

आता नळी. काडतुसांशिवाय तिच्यात फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकावरचा, काडतुसं ढकलणारा तुकडा) आणि पूर्ण दबलेली स्प्रिंग यांनाही जागा लागते. दबलेल्या स्प्रिंगची उंची काढायची रीत साधी आहे: तारेची जाडी गुणिले वेढ्यांची संख्या. १.२ मिलिमीटर तारेचे ४५ वेढे म्हणजे ५४ मिलिमीटर. फॉलोअरचा थोडा भाग स्प्रिंगच्या आत बसतो, म्हणून दोन्ही मिळून ६० मिलिमीटरच्या आसपास धरा. नळीतल्या सर्वांत मागच्या काडतुसाची पितळी बाजू आणि बॅरलची मागची कड जवळपास एकाच रेषेत असतात, त्यामुळे तोंडापाशी अंदाज करता येतो. तुमचं २४ इंची बॅरल म्हणजे ६१० मिलिमीटर. नऊ काडतुसं ५२२ ते ५४०, त्यात ६० मिळवा, म्हणजे नळी बॅरलच्या तोंडाशी जवळपास बरोबरीने संपते. दहाची नळी एक ते दोन इंच पुढे जाईल. बाराची सहा-साडेसहा इंच.

हे सहा-साडेसहा इंच कुठे भोवतात? बॅरलच्या तोंडातून निघणारी आग, काजळी आणि प्लॅस्टिक वॉडचे (काडतुसात छर्रे धरणाऱ्या पेल्याचे) तुकडे पुढे आलेल्या नळीला रोज झोडपतात. टोपीचे आटे काजळीने भरतात आणि टोपी सैल होते किंवा जाम होते. खिडकीएवढ्या भोकातून निशाणा धरायचा असेल तर नळीच आधी लाकडाला लागते. चोक (बॅरलच्या तोंडात बसणारा, छर्ऱ्यांचा पसारा ठरवणारा भाग) बदलायचा झाला तर पाना फिरवायला जागा उरत नाही. बॅरलबाहेर येणारा लांब चोक वापरत असाल तर तो आणि नळी यांच्यात कागद सरकेल इतकी तरी फट आहे ना, हे विकत घेण्यापूर्वीच पाहा. सर्वांत मोठी गोष्ट तोल. एक काडतूस सुमारे ४५ ग्रॅमचं असतं. दहा काडतुसं म्हणजे जवळपास अर्धा किलो, तेही पुढच्या हाताच्या पुढे. फिरत्या प्लेटवरून पुढच्या प्लेटवर बंदूक वळवताना ती सुरू करणं जड जातं, आणि त्याहून जड जातं ती जागच्या जागी थांबवणं. नवा नेमबाज प्लेटच्या पुढे निघून जातो तो बहुतेकदा यामुळेच.

तुमच्या जुन्या मंडळींचं म्हणणं मात्र अगदीच चूक नाही. ते बारा का म्हणतात हे कळलं तर तुमचा निर्णय तुम्हीच नीट घ्याल. थ्री-गनच्या बहुतेक सामन्यांत टॅक्टिकल विभागात सुरुवातीच्या इशाऱ्याला शॉटगनमध्ये ९ काडतुसंच चालतात: ८ नळीत, १ चेंबरमध्ये (बॅरलच्या मागच्या टोकात, उडवायला तयार). पण इशारा झाल्यावर नळीत मावतील तितकी भरता येतात. समजा सामन्याच्या एका टप्प्यात १६ शॉटगन लक्ष्यं आहेत आणि इशारा होताच पाच पावलं पळत पहिल्या जागी पोहोचायचं आहे. ते पळणं तसंही करायचंच आहे, त्यामुळे त्या वेळात भरलेली काडतुसं फुकट पडतात. चार-चार काडतुसं एका झटक्यात भरणारा माणूस त्या पाच पावलांत चार आत सारतो आणि १३ घेऊन पहिल्या लक्ष्यासमोर उभा राहतो. त्याला बाराची नळी हवीच. तुम्ही दोन-दोन भरत असाल तर त्याच पाच पावलांत दोन जातील, म्हणजे नळीत दहा. दहाची नळी तुम्हाला पुरून उरली. उरलेली दोन काडतुसांची जागा तुम्ही वर्षभर रिकामीच घेऊन फिराल आणि तिचं वजन मात्र प्रत्येक लक्ष्यावर जाणवेल. चार-चारचं भरणं हातात बसलं, लोडिंग पोर्ट (काडतुसं भरायची खालची खाच) मोठा करून घेतला, की तेव्हा लांब नळी घ्या. नट वेगळा आणि नळी वेगळी असा प्रकार घेतलात तर तेव्हा फक्त नळी आणि स्प्रिंग बदलावी लागेल.

सामन्याचं नियमपत्रक मात्र दर वेळी वाचा. आयोजक बदलला की सुरुवातीचा आकडा, विभागांची नावं, क्लॅम्पवर काय बसवता येतं, सगळं बदलू शकतं.

दुकानात "+६", "+७" असे आकडे दिसतील. ते मूळ नळीत किती मावतात यावर अवलंबून असतात, आणि ते मूळ तीन धरलेत की चार, प्लग (नळीतली जागा कमी करणारी दांडी) काढून की ठेवून, हे प्रत्येक विक्रेता आपापल्या पद्धतीने मोजतो. म्हणून आकडा विचारू नका, नळीची इंचांतली लांबी विचारा आणि वरच्या गणितात घाला. नट तुमच्या मॉडेलच्या नावानेच मागवा. एम२ चा नट एम४ ला चालत नाही, बेरेटा १३०१ चा वेगळा असतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या बंदुकांचे आटेही सारखे असतील असं गृहीत धरू नका. आटे अर्धा फेरा घट्ट लागल्यासारखे वाटले आणि जोर केला, तर मूळ नळीचे आटे जातात. मग नटचा नाही, बंदुकीचा खर्च निघतो.

धातूचं फार मनावर घेऊ नका. अ‍ॅल्युमिनियम हलकं, पुरेसं मजबूत, सुटे भाग सहज मिळणारं. पोलाद जड, पण टप्प्यात वापरून झालेली बंदूक ड्रममध्ये टाकून पुढे पळायचं असतं तेव्हा लागणारे ठोके ते निवांत सोसतं. कार्बन फायबर सर्वांत हलकं आणि सर्वांत महाग, पण बॅरलच्या तोंडापुढे गेलेल्या नळीला ते मी सुचवणार नाही. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकमेकांना चिकटतात, म्हणून बसवताना आट्यांवर ग्रीसचं हलकं बोट फिरवा.

धातूपेक्षा दसपट महत्त्वाचा सांधा. मूळ नळी जिथे संपते आणि एक्स्टेन्शन जिथे सुरू होतं, तिथे आतून पायरी असता कामा नये. नखाने तपासा: आत बोट घालून नख दोन्ही दिशांनी ओढा. अडकलं, तर तिथेच एक दिवस फॉलोअर अडकेल. फॉलोअर तिथून तिरका झाला की पुढची सगळी काडतुसं नळीत बसून राहतात आणि बंदूक रिकामी वाजते. कडेला किंचित धार असेल तर ती बारीक काचकागद लाकडी दांडीला गुंडाळून मोडता येते, पण फक्त नटच्या किंवा नव्या नळीच्या कडेची. मूळ नळीच्या तोंडाला कानस लावू नका. पायरी मोठी असेल तर तो भाग परत करा.

कारखान्याचा आखूड प्लॅस्टिकचा फॉलोअर तीन काडतुसांच्या नळीत छान चालतो, लांब नळीत तो डुगडुगतो. थोडी लांब कड असलेला, नळीत सैल सरकणारा पण न कलंडणारा फॉलोअर घ्या. अ‍ॅल्युमिनियमचा किंवा कठीण प्लॅस्टिकचा, दोन्ही चालतात. रंग मात्र भडक घ्या. नळी रिकामी आहे हे खालून एका नजरेत दिसलं पाहिजे, सामन्यातही आणि सुरक्षेसाठीही.

आता स्प्रिंग. मित्राचा प्रश्न इथेच आहे. बंदूक उडते तेव्हा ती मागे झटकते, पण नळीतली काडतुसं जडत्वामुळे जागच्या जागी राहू पाहतात. म्हणजे बंदुकीच्या तुलनेत ती पुढे जातात आणि स्प्रिंग दाबतात. त्याच क्षणी बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) मागे येतोय आणि पुढचं काडतूस लिफ्टरवर (ते चेंबरकडे उचलणाऱ्या पट्टीवर) यायला हवंय. स्प्रिंगने सगळी रांग परत ढकलून तेवढ्या वेळात काडतूस पोहोचवायचं असतं. नळी भरलेली असते तेव्हा रांग जड, पण स्प्रिंग पूर्ण दबलेली आणि जोरात. नळी रिकामी होत आली की रांग हलकी, पण स्प्रिंग लांबवर पसरलेली आणि मंद. शेवटची दोन येत नाहीत म्हणजे स्प्रिंग या दुसऱ्या टोकाला कमी पडते. ती आखूड कापलेली असेल, जुनी होऊन बसली असेल, किंवा मूळ तीन काडतुसांची स्प्रिंगच लांब नळीत घातली असेल. ही शेवटची चूक दिसायला विचित्र वाटते, पण फार होते, कारण बंदूक पहिली सहा-सात काडतुसं व्यवस्थित उडवते आणि माणूस निर्धास्त होतो.

उलट चूकही आहे. "लांब म्हणजे जोरदार" असं समजून न कापलेली स्प्रिंग घातली की तिचे वेढे एकमेकांवर बसून नळीतली जागा खातात. दहाच्या नळीत आठच मावतात, आणि शेवटचं काडतूस भरताना अंगठा सोलवटतो. त्याहून वाईट म्हणजे पूर्ण भरलेली रांग मागे इतकी रेटते की काडतूस अडवणारी कळ दबून धरली जाते आणि पहिल्याच गोळीनंतर अडकाठी होते.

म्हणून लांबी अशी ठरवा. नळी बसवल्यावर, टोपी न लावता स्प्रिंग आत सोडली की ती नळीच्या तोंडाबाहेर साधारण १० ते १२ इंच मोकळी राहिली पाहिजे. जास्त असेल तर कापा, पण एका वेळी दोनच वेढे. प्रत्येक वेळी टोपी लावून नळी पूर्ण भरा. शेवटचं काडतूस आत गेल्यावर त्याला अंगठ्याने दाबलं तर ते आणखी पाच-सात मिलिमीटर आत सरकायला हवं. सरकलं, की थांबा. कापलेलं वेढं पुन्हा जोडता येत नाही. कापलेलं टोक पकडीने आतल्या बाजूला वळवा आणि ते टोपीकडे ठेवा. मूळ बंद टोक फॉलोअरकडे. उलटं बसवलं तर कापलेली धार फॉलोअरला कोरते आणि नळीच्या आत चरे पाडते. नियमित सामने खेळत असाल तर वर्षाला एक स्प्रिंग बदलणं हा फार स्वस्त विमा आहे.

मित्राला सांगा, याच क्रमाने तपासायचं: आधी स्प्रिंग बाहेर काढून टोपीशिवाय लांबी पाहायची, मग सांधा नखाने, मग फॉलोअर नळीतून नुसता घसरवून तो कुठे थबकतो ते पाहायचं. थबकण्याची जागा नेहमी सांध्यापाशीच निघाली तर नवी स्प्रिंग घेऊन काही उपयोग नाही. बाहेरून क्लॅम्प इतका आवळला असेल की नळी तिथे किंचित चपटी झाली आहे, अशीही एक शक्यता असते. क्लॅम्प सैल करून पुन्हा घसरवून पाहिलं की कळतं.

क्लॅम्प तुम्हाला लागेल. नटच्या आट्यांवर सहा-सात काडतुसांची नळी नुसती लोंबकळत ठेवली तर ड्रममध्ये पहिल्याच आदळण्याला ती वाकते किंवा नट सैल होतो. तुमच्या बॅरलवर रिब आहे, म्हणून रिबसाठी खाच असलेला क्लॅम्प घ्या. तो नळीच्या पुढच्या तिसऱ्या हिश्श्यात लावा, पण चोक ज्या भागात बसतो त्या भागावर नको. आवळायचा तो दोन्ही बाजूंचे स्क्रू आलटून पालटून, थोडे थोडे. क्लॅम्पचं काम दोन्ही नळ्यांना सोबत ठेवणं आहे, एकमेकींकडे ओढणं नाही. गोळीबारात बॅरल तापून लांबतं, मॅगझिनची नळी थंडच असते. क्लॅम्पने दोघींना जखडलं तर तापलेलं बॅरल खाली ओढलं जातं आणि स्लगचा मारा सरकतो. आतून नायलॉनची पट्टी असलेला क्लॅम्प ही ओढ बरीच कमी करतो. स्क्रूंना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लावा, लाल नको. लाल लावलं तर पुढच्या वेळी तापवल्याशिवाय स्क्रू निघत नाही.

घरी बसवता येतं, साधी हत्यारं पुरतात. क्रम असा:

१. बंदूक रिकामी करा. चेंबर आणि नळी डोळ्यांनी पाहा, बोटाने चाचपा. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. डोळ्यांना चष्मा लावा, कारण पुढे दबलेली स्प्रिंग आहे.

२. बोल्ट मागे ठेवून फोरएंडची (पुढच्या हाताने धरायच्या भागाची) टोपी काढा, बॅरल आणि फोरएंड उतरवा. नळीच्या तोंडाशी स्प्रिंग अडवणारा भाग असतो. तो काढताना तोंडावर जाड फडकं धरा आणि नळी चेहऱ्यापासून दूर ठेवा. स्प्रिंग छतापर्यंत उडते.

३. पक्ष्यांच्या शिकारीसाठी घातलेला प्लग आत असेल तर बाहेर काढून बॉक्समध्ये जपून ठेवा. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीला अमेरिकेत संघीय नियमाने एकूण तीनच काडतुसं चालतात. त्या मोसमात हीच बंदूक नेणार असाल तर तो पुन्हा लागेल.

४. मूळ नळी आतून कोरड्या फडक्याने पुसा. आत तेल ओतू नका. टेक्सासची धूळ तेलाला चिकटून लापशी होते आणि फॉलोअर तिच्यात रुततो.

५. बॅरल आणि फोरएंड परत चढवा, मग नट हाताने फिरवा. पहिले दोन फेरे अगदी अलगद लागले पाहिजेत. शेवटी फोरएंड डुगडुगू नये इतपतच आवळा. जास्त आवळलं तर फोरएंडला तडा जातो. सैल राहिला तर बॅरल हलतं, आणि एम२ सारख्या जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीत बॅरल हललं की यंत्रणाही नीट चालत नाही आणि माराही भटकतो.

६. नवा फॉलोअर, मग स्प्रिंग, मग नळी. टोपी शेवटी, चेहरा बाजूला ठेवून. क्लॅम्प त्यानंतर.

७. नट आणि नळीवर एकाच रेषेत पांढऱ्या रंगाची बारीक खूण करा. सामन्यात दर टप्प्याआधी त्या खुणेकडे एक नजर टाकली की सैल झालेलं लगेच दिसतं.

एम२ बाबत आणखी एक लक्षात घ्या. ही बंदूक वायूवर चालत नाही. धक्क्याने बंदूक मागे सरकते आणि बोल्टमधली जाड स्प्रिंग त्या हालचालीतून ऊर्जा घेते. बंदूक जितकी जड, तितकी ती कमी वेगाने मागे जाते. नळी, क्लॅम्प आणि दहा काडतुसं घातल्यावर हलकी एक औंसाची सरावाची काडतुसं, जी आधी छान चालायची, ती आता बोल्ट पूर्ण मागे नेतीलच असं नाही. लोक दोष नळीला देतात. आधी १⅛ औंस म्हणजे ३२ ग्रॅम छर्ऱ्यांची, सेकंदाला १,२०० फूट वेगाची काडतुसं वापरून पाहा. त्यावर बंदूक निर्धोक चालली, तर अडचण काडतुसाची आहे. 

चाचणीशिवाय सामन्याला जाऊ नका. घरी डमी काडतुसांनी नळी पूर्ण भरून हाताने बोल्ट ओढत दहा वेळा रिकामी करा. मग रेंजवर पूर्ण भरून सलग रिकामी करण्याच्या किमान पाच फेऱ्या छर्ऱ्यांच्या, दोन बकशॉटच्या, दोन स्लगच्या. निदान दोन फेऱ्या बॅरल खाली झुकवून, जमिनीलगतच्या प्लेटवर. अशा वेळी स्प्रिंगला सगळी रांग चढावर ढकलावी लागते, आणि सपाट रेंजवर लपलेली अशक्त स्प्रिंग इथे उघडी पडते. शेवटी स्लगचा मारा ५० यार्डांवर पाहा: आधी थंड बॅरलने तीन, मग दोन नळ्या भरभर रिकाम्या करून तापलेल्या बॅरलने तीन. दोन्ही गट एकमेकांपासून सरकलेले दिसले तर क्लॅम्प एक पाव फेरा सैल करा आणि पुन्हा पाहा. एकूण दीडशेच्या आसपास काडतुसं जातील. एकही अडकलं तर कारण सापडेपर्यंत मोजणी शून्यापासून.

आता कायदा. टेक्सास राज्यात मॅगझिनच्या क्षमतेवर मर्यादा नाही. पण तुमची एम२ इटलीत बनलेली आहे, त्यामुळे संघीय कायद्याचं कलम ९२२(आर) लागू होऊ शकतं. खेळासाठीची म्हणून आयात झालेल्या बंदुकीचं रूप बदललं आणि ती आयातीस मनाई असलेल्या प्रकारात गेली, तर नियमात दिलेल्या २० भागांच्या यादीपैकी १० हून अधिक भाग आयातीचे असता कामा नयेत. पाचपेक्षा मोठी मॅगझिन हे त्या रूपबदलांपैकी एक मानलं जातं. मॅगझिनचा सांगाडा, फॉलोअर आणि तळपट्टी हे भाग यादीत आहेत, म्हणून फॉलोअर आणि नळी अमेरिकेत बनलेलीच घ्या आणि पावत्या जपा. एम२ ला गॅस पिस्टन नसल्यामुळे तिच्यात मुळातच एक भाग कमी मोजला जातो. बसवण्याआधी यादी घेऊन परवानाधारक गनस्मिथसोबत एकदा बसा.

तुमच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणून व्हिसामुळे बंदूक बाळगता येते की नाही हा प्रश्न तुम्हाला येत नाही. हे वाचणाऱ्या एच-१बी वरच्या मंडळींसाठी वेगळं सांगावं लागेल: त्या व्हिसावर बंदूक किंवा काडतुसं बाळगायला संघीय कायद्याने मनाई आहे, आणि वैध शिकार परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. मित्राची बंदूक रेंजवर हातात घेण्यापूर्वीही वकिलाला विचारा. इथे चूक झाली तर दंडावर भागत नाही, व्हिसाही जातो. महाराष्ट्रात ट्रॅप किंवा स्कीट (उडत्या तबकड्यांवर नेम धरण्याचे खेळ) खेळणाऱ्यांना या उत्तरातलं काहीच लागू नाही. तिथे एका वेळी जास्तीत जास्त दोनच काडतुसं बंदुकीत असतात.

एडिसनच्या भावाचं. न्यू जर्सीच्या कायद्यात सहाहून अधिक काडतुसांची मॅगझिन असलेली सेमी-ऑटोमॅटिक (एम२ सारखी, पुढचं काडतूस आपोआप भरणारी) शॉटगन ही असॉल्ट फायरआर्म ठरते आणि ती बाळगणं गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे तुम्हाला सुचवलेली नऊ-दहाची जोडणी त्याच्या घरात असूच शकत नाही, नळी सुटी ठेवली आणि बंदूक वेगळी ठेवली तरी त्याने तो धोका पत्करू नये. हे कलम सेमी-ऑटोमॅटिकपुरतं आहे. हाताने ओढायच्या पंप शॉटगनने तो खेळू शकतो का, आणि किती मोठ्या नळीने, हे त्याने तिथल्या बंदूक कायद्याच्या वकिलाकडून लेखी घ्यावं आणि मगच दुकानात जावं. आणि तुम्ही दिवाळीला त्याच्याकडे गाडीने जाणार असाल, तर एम२ ह्यूस्टनलाच कुलपात ठेवून जा.